खत कुजवले म्हणजे औषध संपले, असे नाही

शेणखत किंवा कोंबडीखत व्यवस्थित कुजवले की जनावरांना दिलेल्या प्रतिजैविकांचे (अँटिबायोटिक्सचे) त्यातील अंश नाहीसे होतात, हे एका लेखात वाचलेले विधान सरसकट स्वीकारता येणार नाही. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टर्की पक्ष्यांच्या खतावरील प्रयोगात क्लोरटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक जवळजवळ पूर्ण नष्ट झाले, मोनेन्सिन व टायलोसिन ही औषधे निम्म्याहून अधिक घटली, परंतु सल्फामेथाझिन हे औषध मात्र घटले नाही. एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गटातील औषधे तर सेंद्रिय पदार्थांना आणि मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ टिकतात.

आपल्याकडे द्राक्ष, डाळिंब व उसाला कोंबडीखत सर्रास घातले जाते, आणि बांधावर रचलेला ढीग वारंवार पलटला नाही तर त्याच्या बाहेरच्या थरात खत नीट कुजण्यासाठी लागणारे ५५ अंश सेल्सिअस तापमान येतच नाही. मला अधिक खटकते ते निराळेच: कासदाहावर (कासेच्या सुजेवर) उपचार चालू असलेल्या गाईचे दूध ठरावीक काळ विकू नये असा दंडक आहे (आणि तो योग्यच आहे), पण त्याच दिवसांतील शेण-मूत्र मात्र कोणी विचारल्याशिवाय उकिरड्यात जाते. उपचार चालू असलेल्या जनावरांचे शेण वेगळ्या खड्ड्यात कुजवून ते भाजीपाल्याऐवजी चारापिकाला किंवा फळझाडांना द्यावे, एवढे तरी पशुवैद्यकांनी औषध देतानाच पशुपालकांना सांगायला हवे.