बाकावर बसून क्वार्टरबॅक तयार होत नाही

एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, जवळ आला की एक सल्ला हमखास फिरतो: पहिल्या फेरीत तरुण क्वार्टरबॅक (चाल सांगून चेंडू फेकणारा खेळाडू) घ्या, मुरलेल्या खेळाडूमागे दोन-तीन वर्षं बसवा, आपोआप तयार होईल. पुरावा म्हणून ग्रीन बे पॅकर्सकडे आधी बसलेले ॲरन रॉजर्स आणि जॉर्डन लव्ह, आणि कॅन्सस सिटीकडे बसलेला पॅट्रिक माहोम्स.

‘बसला की शिकतो.’ कधी शिकतो? आठवड्याच्या सरावात पहिल्या फळीबरोबरचे बहुतेक स्नॅप, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल खेळायच्या संधी, मुख्य क्वार्टरबॅककडे जातात. राखीव पोरगा पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली करून दाखवतो. प्रशिक्षक कार्ड वर धरतो, त्यावर कोण कुठे धावणार ते आखलेलं असतं. याने फक्त फेकायचं. हात चालतो, डोळे नाही. हडलमध्ये (चालीआधीच्या घोळक्यात) आपल्या प्लेबुकातली (चालींच्या वहीतली) लांबलचक चाल न अडखळता सांगणं, मधला लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागचा खेळाडू) हेरून ब्लॉकिंग (कुणी कुणाला अडवायचं ते) बदलणं, ब्लिट्झ (बचावाचे जादा खेळाडू अंगावर धावून येणं) दिसताच चेंडू लवकर सोडणं, यातलं काहीच कार्डावर नसतं. लव्हचं 2020 तर त्याहून कोरडं गेलं: करोनामुळे प्रीसीझन (सीझनआधीचे) सामने रद्द आणि सीझनभर तो तिसऱ्या क्रमांकावर.

‘रॉजर्स तीन वर्षं बसला म्हणूनच घडला.’ चेंडू कानाजवळ उंच धरायची कॉलेजातली सवय प्रशिक्षक मॅकार्थीच्या हाताखाली मोडली, चेंडू खाली आला. ही दुरुस्ती कुणीतरी बसून करून घेतली. तेव्हाचा मुख्य क्वार्टरबॅक फार्व्ह, त्याच्याकडे नुसतं बघून ती झाली नसती. उलट बाजूला ट्रे लान्स आहे. 2021 मध्ये तिसरा निवडला गेला, मुख्य क्वार्टरबॅक गारोपोलोमागे बसला, आणि 2023 मध्ये ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसच्या संघाकडे गेला. (तो या यादीत कधीच नसतो.)

‘घाई कशाला?’ कारण कराराचं घड्याळ बाकावरही चालतं. पहिल्या फेरीचा करार चार वर्षांचा, आणि पाचव्या वर्षीही ठेवायचं का, हा पर्याय वापरायचा निर्णय संघाला तिसऱ्या सीझननंतर मे महिन्यात घ्यावा लागतो. 2023 च्या मे महिन्यात पॅकर्सपुढे लव्हने सुरुवातीपासून खेळलेला साखळी सामना होता एकच, कॅन्सस सिटीतली 13-7 ची हार. त्यांनी पर्याय सोडून छोटा करार केला. मग 2023 मध्ये 32 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) आले आणि पुढच्या जुलैत चार वर्षांचे 22 कोटी डॉलर मोजावे लागले. स्वस्त क्वार्टरबॅकचं एकच वर्ष हाती लागलं.

माहोम्सचं गणित वेगळं होतं. बसला एकच सीझन. 2017 च्या शेवटच्या साखळी सामन्यात डेन्व्हरमध्ये त्याला खेळवलं, आणि जानेवारी संपायच्या आत त्याच्यापुढचा मुख्य क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ याचा वॉशिंग्टनशी सौदा ठरलेला होता.