देवळाला दिलेले अकरा हजार आणि पडलेला बेहडा

गेल्या वर्षी अमेरिकेला मुलीकडे जायच्या गडबडीत होते तेव्हा वाडीच्या ग्रुपवर मेसेज आला. वाघजाईच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय, घरटी अकरा हजार, मुंबई-पुणेकरांनी हात सैल सोडावा ही विनंती. मी लगेच पाठवले. देवीचं काम, त्यात काय विचार करायचा.

यंदा मे महिन्यात गावाला गेले आणि ते पैसे कुठे लागले ते पाहिलं. देवळापुढे मोठा सभामंडप झालाय. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना स्टीलचे कठडे. आणि जिथे हा मंडप उभा आहे तिथे आमचा बेहडा होता. आम्ही पाच जणी हात धरून बुंध्याभोवती उभ्या राहायचो तरी कडं पुरं व्हायचं नाही. वर ढोलीत ककणेराचं घर. पुस्तकात त्याला मलबारी कवड्या धनेश म्हणतात हे मला चाळिशीनंतर कळलं. होळीच्या आसपास मादी ढोलीत शिरायची, आतून तोंड लिंपून घ्यायची, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. नर दिवसभर उंबरं, वडाची फळं आणून भरवायचा. आजी म्हणायची, बाळंतीण आहे ती, दगड मारू नका. आम्ही मारत नव्हतो. खाली पडलेल्या बिया मात्र वेचायचो.

आता त्या जागी देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. चौथ्या ओळीत माझं नाव आहे, सौ. लावून.

चौकशी केली तर कळलं की रीतसर कौल लावला होता, देवीनं उजवा दिला. मी विचारलं, कौल झाड तोडायचा लावलात की मंडप बांधायचा? मंडपाचा, म्हणे. झाड मध्ये आलं.

कुणाशी भांडायला हे लिहीत नाहीये. देवराईतली, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातली, झाडं पाडून देऊळ मोठं करणं कोकणात गावोगाव झालंय, आणि बहुतेक ठिकाणी पैसा आमच्यासारख्या चाकरमान्यांचाच. गावात राहणाऱ्याच्या खिशात स्लॅबचे पैसे नसतात. ते आपण पाठवतो. राई आपल्याच वर्गणीनं तुटते, आणि हे मला पचत नाहीये.

पचत नाही त्याला आणखी एक कारण आहे. मधले सहा महिने मी न्यू जर्सीत होते. मुलगी पार्सिपनीला असते. तिथल्या आयांचा कार्यक्रम ठरलेला असतो: नातवाला सांभाळा, शनिवारी एडिसनला भाजी आणि कढीपत्ता, रविवारी कुणाच्या तरी तळघरात सत्यनारायण. एका शनिवारी जावई म्हणाला, आई, आज ग्रेट स्वॅम्पला जाऊ. स्वॅम्प म्हणजे दलदल ना रे? तिकीट काढून दलदल बघायची? तिकीट नाहीये म्हणाला, चला.

एप्रिल होता. चिखलावरून फळ्यांची लांब वाट केलीय, तिच्यावरून चालायचं. खाली काळं पाणी आणि त्यातून वर आलेली मोठाली हिरवीगार पानं. मला वाटलं अळूच. जावयानं एक पान चुरगळून नाकाशी धरलं, काय दुर्गंध! नाव स्कंक कॅबेज, पण कूळ खरंच अळूचं. पडक्या ओंडक्यावर ओळीनं कासवं ऊन खात बसलेली, आणि संध्याकाळ होत आली तशी नखाएवढ्या बेडकांनी जी शिट्टी धरली, ती गाडीच्या काचा वर केल्या तरी ऐकू येत होती.

ही जागा मॅनहॅटनपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. इथे इमारती कशा नाहीत, असं विचारलं तेव्हा गोष्ट कळली. 1959 च्या डिसेंबरात बातमी फुटली की न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीला (तिथली बंदरं-विमानतळ चालवणारी सरकारी संस्था) या दलदलीवर भलामोठा विमानतळ करायचाय. आजूबाजूच्या गावांनी मोर्चे, अर्ज, सभा सगळं केलं. पण त्यातल्या काहींनी आणखी एक डोकं चालवलं. खासगी जमीन पोर्ट ऑथॉरिटी सक्तीनं घेऊ शकते, पण ती केंद्र सरकारच्या मालकीची असेल तर तिला हात लावता येत नाही. मग जमीनच विकत घ्यायची आणि सरकारला दान करून टाकायची! ग्रीन व्हिलेजमधली हेलन फेन्स्के नावाची एक गृहिणी यात पुढे होती. हार्टली डॉज नावाच्या श्रीमंत शेजाऱ्यानं मोठा वाटा उचलला, बाकी हजारो लोकांनी ऐपतीप्रमाणे. दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली, जवळजवळ तीन हजार एकर घेतले गेले आणि सरकारच्या हवाली केले. 1960 मध्ये अभयारण्य झालं, 1964 मध्ये रीतसर अर्पण झालं. 1968 मध्ये त्यातल्या पूर्वेकडच्या भागाला कायद्यानं 'विल्डरनेस', म्हणजे हात न लावायचं रान, म्हणून आणखी एक कुलूप लागलं. विमानतळ झाला नाही. आज साडेसात हजार एकरांच्या वर जागा आहे आणि तिथल्या माहिती केंद्राला हेलनबाईंचं नाव आहे.

(आता लगेच 'अमेरिकेत बघा नाहीतर आपल्याकडे' सुरू करू नका. त्याच परिसरातली तीस हजार एकर जमीन 1708 मध्ये तिथल्या मूळच्या डेलावेअर लोकांकडून रमचं एक पिंप, 15 किटल्या, चार पिस्तुलं, असलं काहीबाही सामान आणि रोख 30 पौंड देऊन घेतली होती. हे असं खरेदीखत माझ्या टेबलावर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.)

हो, माझी 31 वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. त्यामुळे बेडकांपेक्षा मला कागदात रस. जावयाला म्हटलं, या लोकांचा कागद कसा असतो ते दाखव. त्यानं तिथल्या लँड ट्रस्टांची, म्हणजे जमीन राखणाऱ्या संस्थांची, माहिती काढून दिली. 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये अशी पहिली संस्था निघाली, आता गावोगाव आहेत. काम दोन तऱ्हांनी चालतं. एक, देणग्या गोळा करून जमीन सरळ विकत घ्यायची. दुसरी तऱ्हा मला जास्त आवडली. जमीन मालकाचीच राहते, तो राहतो, कसतो, मुलांना देतो, विकतो सुद्धा. फक्त तिथे बांधायचा, तोडायचा, भराव टाकायचा हक्क तो ट्रस्टला विकून किंवा दान देऊन टाकतो, आणि ते जमिनीच्या दप्तरात नोंदतात. पुढे कुणीही घेतली तरी ती अटीसकट घ्यायची. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात असा बोजा, जो कधीच फिटत नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. आपल्याकडे याहून भारी होतं. सातबाऱ्यावर थेट देवाचं नाव! कायद्याच्या दृष्टीनं देव कायमचा अज्ञान (अल्पवयीन), म्हणजे सही करू शकत नाही, म्हणजे विकू शकत नाही. देवस्थान इनाम घेऊन कर्ज मागायला कुणी आला की आम्ही दारातूनच परत पाठवायचो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे कानळाची राई आहे. तिथे पाण्यात उभं असलेलं जंगली जायफळाचं रान आहे, मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. अशी रानं महाराष्ट्रात दुर्मिळ. 2021 मध्ये सरकारनं त्याला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. जागा किती, तर 2.59 हेक्टर. तोवर ते कुणी राखलं? देवाच्या धाकानं गावानं राखलं.

मग आमच्या बेहड्याला देव का पावला नाही? मी मे महिनाभर याच्यावर विचार केला. माझं उत्तर असं की जमीन देवाची म्हणून जमीन राहिली. झाडाबद्दल कागद गप्प होता. झाड राखायचं काम धाक करायचा, कागद नाही. धाक गेला आणि त्याची जागा घेणारं काही आलं नाही. उलट आली कमिटी, जिला सही करता येते.

देवराईबाहेरचं तर आणखी अवघड. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं आहे. हिरवं दिसतं ते जवळजवळ सगळं मालकी रान. आमचंच घ्या. अकरा एकर वरकस, ऐन, किंजळ, जांभूळ, खाली पऱ्या म्हणजे ओढा, पऱ्याच्या काठी बारमाही ओल. सातबाऱ्यावर 19 नावं, त्यातली पाच माणसं वारली, वारस नोंदी नाहीत. एक काका दुसऱ्याशी बोलत नाही. एकानं तोड द्यायची म्हटलं की दुसरा केवळ त्यानं म्हटलं म्हणून नाही म्हणतो. लोक भाऊबंदकीला नावं ठेवतात, पण आमचं रान चाळीस वर्षं भाऊबंदकीनं राखलंय, हे छातीठोकपणे सांगते.

आता ते संपत आलंय. नव्या पिढीला भांडायलाही वेळ नाही, ती सही करून मोकळी होते. ठेकेदार घरोघर फिरतो, वारस तोच शोधून काढतो, कागद तोच करतो. कोयता लागला की सरसकट साफ, लाकूड भट्ट्यांना आणि बॉयलरला. माझ्या वाट्याला येईल ती रक्कम मी काढून बघितली. एक बरासा स्मार्टफोन येतो.

मग ट्रस्टनं विकत घ्यावं का? आपल्याकडे कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही, संस्थेला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन (एईआरएफ) या संस्थेनं आमच्या संगमेश्वर तालुक्यात दुसरी वाट धरली. देणगीचा पैसा घेऊन मालकांशी आणि गावांशी करार करायचा: ठरावीक वर्षं तोड करायची नाही, त्याचा मोबदला घ्या. त्यांनी बेहड्याचं झाड न पाडता फळं गोळा करून फेअरवाइल्ड प्रमाणपत्रावर (रानातला माल रान न ओरबाडता गोळा केल्याची खात्री) परदेशी औषधी कंपनीला विकण्याचंही काम उभं केलंय. ज्या झाडाला आपण मंडपाच्या आड आलं म्हणून पाडतो, त्याच्या सुकलेल्या फळाला बाहेर गिऱ्हाईक आहे.

मला हा मार्ग पटतो, पण बँकेतली बाई म्हणून एक शंका आहे. करार मुदतीचा. मुदत संपली की काय? ठेकेदार दहा वर्षं थांबायला तयार असतो, तेवढ्यात झाडं जाडच होतात. कायमचा बोजा चढवायची सोय आपल्या कायद्यात कुणीतरी करायला हवी. तोवर करार पुन्हा पुन्हा करत राहायचं, म्हणजे देणगी पुन्हा पुन्हा लागणार. आणि अशी देणगी द्यायला माणूस तयार नसतो. मंडपाला पाटी लावता येते. न तोडलेल्या झाडाची पाटी कुठे लावणार?

गावातल्या चुलतभावाशी बोलले तेव्हा त्यानं मला चांगलंच सुनावलं. "तुमचं बरं आहे गं ताई. तुम्ही पुण्यात बसून रान राखा म्हणणार, आणि रातच्याला डुकरं-गवे आमच्या नाचणीत." खरं आहे त्याचं. वणवा लागला तर झोडपायला तोच जातो. त्यामुळे माझं मत असं की पैसा आला तर पहिला हिस्सा तिथे राहणाऱ्याला राखणीचा, मग उरलेल्या आम्हा सातबाऱ्यावरच्या पाहुण्यांना. माझा वाटा तर मला नकोच, तो त्याला द्या.

तर आता मी करारासाठी संमतीपत्रं गोळा करतेय. प्रत्येकाला वाचून दाखवते, कारण पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: मग सरकार घेणार नाही ना? 1975 साली खासगी वनांचा कायदा आला, रातोरात लोकांची रानं सरकारच्या नावावर लागली, ती धास्ती अजून गेलेली नाही. त्यांना सांगावं लागतं की मालकी हलत नाही, फक्त कोयता थांबतो.

आजवर सात सह्या झाल्यात. दोघांनी चहा पाजून विचार करतो म्हटलंय. विरारच्या भावाचा फोन काल आला, सही करायला तो एका पायावर तयार आहे, फक्त त्याआधी मोजणी आणून त्याचा हिस्सा वेगळा करून द्यायचा. मोजणी झाली की दगड पडणार, दगड पडले की ठेकेदाराला 19 जणांची गरजच उरणार नाही, एकट्याला गाठलं की झालं. हे त्याला फोनवर समजवायला गेले तर तो म्हणेल ताईला माझा हिस्सा लाटायचाय. गणपतीला तो सहकुटुंब येतोय. आरतीच्या आधी गाठते त्याला, पऱ्यापर्यंत चालत नेते आणि मग बोलते.