भेटायला येता की खर्रा थुंकायला?

कॅन्सरच्या पेशंटला पाहायला येणाऱ्या समस्त पाहुणेमंडळींनो, पहिले तोंडातला खर्रा, म्हणजे तो तंबाखू-सुपारी-चुन्याचा घोटलेला गोळा, थुंका. दवाखान्याच्या जिन्यात नाही, खिडकीतून नाही, वॉशबेसिनमध्ये तर नाहीच नाही. गेटच्या बाहेर थुंका, चूळ भरा, मग वर या.

माझ्या बाबांना गालाचा कॅन्सर झाला आहे. कळत्या वयापासून खर्रा. सकाळी वावरात जाताना खिशात पन्नी, दुपारी झाडाखाली पन्नी, रात्री झोपतानाही गालात तोच तोबरा. आधी तिखट सोसेना, मग तोंड उघडेना. शेवटी तर दोन बोटंही आत जात नव्हती, भाकर कुस्करून दुधात कालवून द्यावी लागे. यात काही बिघडलंय असं गावात कोणालाच वाटलं नाही, कारण पारावर बसलेल्या निम्म्या माणसांची तोंडं तेवढीच उघडतात. पुढे गालात जखम झाली, ती भरेना, तेव्हा कुठे नागपूर गाठलं. ऑपरेशन झालं. शेकाआधी, म्हणजे रेडिएशनआधी, उरलेसुरले दात काढले, कारण शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडायची भीती असते. आता सोमवार ते शुक्रवार रोज शेक, सोबत आठवड्याला किमो. तोंड आतून सोलून निघालंय, नाकात नळी आहे आणि जे काही पोटात जातं ते त्या नळीतून.

आणि अशा माणसाच्या उशाशी आमचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, येऊन बसतात ते गालात गोळा धरून! बोलता येत नाही, कारण तोंड भरलेलं. मान वर करून, ओठ सांभाळत विचारतात, "कअं काय बाप्पा, बअं हाय नं?" मग उठून कोपऱ्यात जातात, पचकन आवाज येतो, आणि सिस्टर माझ्यावर डाफरते, "ताई, तुमचेच पाहुणे नं हे?" आहेत हो बाई, माझेच आहेत. काय करू, नातं बायप्सीला पाठवू?

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्याकडे त्याने काय फरक पडला? पानठेल्यावर सुपारी, चुना, तंबाखू पन्नीत घोटून द्यायला कोणाची कंपनी लागत नाही. दवाखान्याच्या समोरच ठेला आहे आणि तिथे उभे असतात ते कोण? वर ज्यांचे बाप, भाऊ नळीवर आहेत ते. एका भाटव्याला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, मी तोंडावर म्हटलं, तर म्हणतो, "मी तंबाखू नाही खात वो, निस्ती सुपारी." अहो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवून वीस वर्षं होऊन गेली. तोंड आखडतं तेही मुख्यतः सुपारीनेच. पण भाटव्यांचं ज्ञान संस्थेपेक्षा मोठं. "आमचा आजा नव्वद वर्षं जगला खाऊन!" प्रत्येकाचा एक आजा असतो आणि तो नव्वदच वर्षं जगलेला असतो. जे पन्नासाव्या वर्षी गेले ते कोणाचे आजे झालेच नाहीत.

बरं, खर्रा सोडा. बोलतात काय ते ऐका. पलंगाजवळ उभं राहून, बाबांच्या अंगावरून माझ्याकडे पाहत, "कोनती ष्टेज हाय?" अरे, बाबांच्या गालाचं ऑपरेशन झालंय, कानाचं नाही! शेजारच्या बेडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात "फलान्याचाबी असाच होता, सहा महिन्यांत गेला" हे सांगायला तुम्ही दीडशे किलोमीटरवरून येता? आत्याबाई तर दारातूनच गळा काढत आल्या. बाबांनीच हात हलवून त्यांना गप्प बसायला सांगितलं.

मग सल्ले. "सुई लावली म्हून पसरला." "कापलं, हवा लागली, आता नाही आटपत." बायप्सी केल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, कोणता आहे, हेच कळत नाही. तो कागद नसता तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेची मंजुरीसुद्धा मिळाली नसती. योजनेतून उपचार होताहेत म्हणून तरी आम्ही उभे आहोत. दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाच्या, आरोग्यमित्राच्या, टेबलासमोर रेशन कार्ड, आधार आणि झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मी उभी राहिले, तेव्हा हे हवावाले कुठे होते? आता सगळ्यांना कुठला कुठला जडीबुटीवाला माहीत आहे. त्याच्याकडे योजना चालत नाही, रोखच लागते, हे मात्र कोणी सांगत नाही.

खाण्याचं तर बोलूच नका. नळी लागलेल्या माणसासाठी चिवडा! घरचा, दाणे घातलेला, डबा भरून. "एक घास तोंडानं खा म्हना, नयीनं काय ताकद येते?" त्या नळीने काय जातं ते मला विचारा. दूध, वरणाचं पाणी, गाळून पातळ केलेली खिचडी, डॉक्टरांनी दिलेली पावडर. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, नंतर पाणी सोडून नळी धुवायची. आई आणि मी आळीपाळीने करतो. चिवडा शेवटी वॉर्डबॉयने खाल्ला. चांगला झाला होता म्हणे.

किमोने पांढऱ्या पेशी खाली येतात. साध्या माणसाला दोन दिवसांची सर्दी, ती अशा पेशंटच्या जिवावर उठू शकते. ताप शंभराच्या वर चढला तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच डॉक्टरला उठवायचं, असं आम्हाला बजावून ठेवलंय. आणि तुम्ही नाक ओढत येता, पलंगावर बसता, हात हातात घेता, लेकराला मांडीवर ठेवता. मास्क दिला तर हनुवटीवर. मी हटकलं की "शिकलेल्या पोरीले माज आला". हो, आला.

आणि ते चहाचं! पाहुण्यांना चहासुद्धा विचारला नाही म्हणून गावात माझ्या नावाने बोलणं झालं. योजना पेशंटचा उपचार देते. माझं जेवण, आईचं अंग टाकायची जागा, भावाची बुडालेली मजुरी, हे सगळं आमच्याच अंगावर आहे. त्यात सात जणांना कॅन्टीनचा चहा? गाडी भाड्याने करून आलात नं, डिझेलला पैसे निघाले नं?

हेच लोक ऑपरेशनच्या वेळी रक्त हवं होतं तेव्हा कुठे गेले होते तेही सांगते. एकाला शुगर, एकाला बीपी, एकाचा उपवास, एकाला म्हणे रक्त दिलं की कमजोरी येते, आणि त्याला सोयाबीन काढायचं होतं. रक्त दिलं ते शेजारच्या बेडवरच्या काकांच्या मुलाने. चंद्रपूरकडचा पोरगा, ना नात्याचा ना गोत्याचा.

तिकडे यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडे आमच्या वावरात कापूस फुटून लोंबतोय. वेचणीला मजूर मिळत नाही. भाऊ एकटा दिवसभर वेचतो आणि रात्री गाडी पकडून रिपोर्ट घेऊन इकडे येतो. आमच्या वावराच्या धुऱ्याला धुरा लागून असलेली काकू आपलं आटोपून रोज दोन तास आमच्या वेचणीला लागते, गाईचं दूधही तीच काढते. ती एकदाही दवाखान्यात आलेली नाही. गावात तिलाच नावं ठेवतात, "येवढ्या जवळची, पन पाह्यालेबी नाही गेली बाई!"

काल मावसाजींचा फोन आला. शनिवारी येतो, गाडी ठरवली आहे, सात जण आहोत. मी म्हटलं, "मावसाजी, दोघं या. बाकीच्या पाच जणांना येता येता आमच्या वावरात उतरवून द्या, भाऊ तिथेच आहे, कापूस वेचायच्या ओट्या देईल कमरेला बांधायला."

फोन कट.

आता मावशी आईकडे तक्रार करेल. करू द्या.