बल्ब पेटेपर्यंतची वीस मिनिटं

सहा-सात वर्षांच्या मुलांना एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा देऊन बघा. बरीच मुलं सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत वायर लावतात आणि उजेडाची वाट बघत बसतात. बल्ब पेटत नाही. मग वायर उलटी, सेल उलटा, थोडी ओढाओढी. बऱ्याच वेळाने कुणीतरी बल्बचं बूड थेट सेलवर टेकवतं, वायर सेलच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या धातूच्या कडेला लावतं, आणि एकदम कल्ला होतो! विजेला परतीची वाटही लागते, हे त्या पोरांना आता सांगावं लागत नाही.

सरकारी पैसा या वीस मिनिटांवर खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे. सामान स्वस्तच असतं. खरा खर्च आहे तो उत्तर माहीत असूनही वीस मिनिटं गप्प राहू शकणारा शिक्षक घडवण्याचा. त्याला वर्षानुवर्षं प्रशिक्षण लागतं, आणि प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष देता येईल इतका लहान वर्गही लागतो.

फ्रान्समध्ये १९९६ साली नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शारपाक यांनी विज्ञान अकादमीच्या पाठिंब्याने प्राथमिक शाळांसाठी असाच उपक्रम सुरू केला. मुलं आधी अंदाज बांधतात, मग करून बघतात आणि आपल्या शब्दांत वहीत लिहितात. चुकलेला अंदाजही वहीत राहतो. मला ही वही फार आवडते.

याउलट पेरूने लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण शाळांच्या अभ्यासात मुलांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. तरीही निधी आला की आधी स्क्रीनच घेतल्या जातात, कारण स्क्रीनचं उद्घाटन करता येतं. शिक्षकाच्या प्रशिक्षणाची फीत कोण कापणार?

‘हे सगळं आठवी-नववीत शिकवू’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. तोवर कितीतरी मुलांनी, त्यातही मुलींनी, ‘विज्ञान आपल्याला जमत नाही’ असं ठरवून टाकलेलं असतं. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, खेळणी उघडून बघायची मुभा आहे, त्यांचं एक वेळ भागेल. बाकीच्यांना तो सेल आणि बल्ब शाळेतच मिळणार, तोही पहिलीत मिळायला हवा.