डीबीएस आणि बोलणं: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा राग कळतो. तुम्ही म्हणता मी डीबीएसबद्दल (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे पार्किन्सन्सच्या कंपवातासाठी मेंदूत इलेक्ट्रोडच्या तारा बसवून हलका करंट देण्याचं ऑपरेशन) लोकांना घाबरवते, माझं वाचून तुमच्या आईने ऑपरेशनला नाही म्हटलं, आणि आवाज जातो तो पार्किन्सन्समुळे, ऑपरेशनमुळे नाहीच. हा शेवटचा मुद्दा मला मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आवाज बारीक, एकसुरी होणं हे आजाराचंच, बहुतेक पेशंटना कधी ना कधी होतं, गोळ्यांचा हातापायांना होतो तेवढा उपयोग आवाजाला होत नाही. पण जीभ जड होणं, शब्द एकमेकांत मिसळणं हे करंटमुळेही होतं. इलेक्ट्रोड बहुतेकदा मेंदूच्या आत खोलवर असलेल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या भागात बसवतात, तो भाग एवढासा, आणि त्याच्या शेजारूनच चेहऱ्याला, जिभेला हुकूम नेणारे तंतू जातात. करंट वाढवला की थरथर थांबते, पण तो तिकडे पसरला की बोलणं अडखळतं, कमी केला की बोलणं सुटतं पण हात परत हलायला लागतो.

आमच्या बाबांचा हात आता इतका स्थिर आहे की कप बशीत न वाजवता ठेवतात, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण सकाळी पोदेर (आमच्या गोव्यातला पाववाला) हॉर्न वाजवत आला की बाबा गेटवर जाऊन "चार उंडे, दोन पोई" म्हणतात आणि तो बिचारा सायकल धरून माझ्याकडे बघत राहतो. फोंड्याला आमच्या देवळात भजनाला अभंग तेच उचलायचे, आता झांज घेऊन मागे बसतात. असं होऊ शकतं हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नाही. बाबा तरीही हो म्हणाले असते, खात्री आहे मला, पण माहीत असून हो म्हणणं हा त्यांचा हक्क होता ना!

नंतर करंट थोडा उतरवला, फ्रिक्वेन्सी (करंटचे सेकंदाला किती ठोके) नेहमीच्या 130 हर्ट्झच्या आसपास होती ती खाली आणून बघितली, तेव्हा शब्द बरेच सुटे झाले. सगळ्यांना याने फरक पडतोच असं नाही, आणि हे डॉक्टरांनीच करायचं, घरी रिमोटशी खेळू नका. आवाज बारीकच राहिला, त्यासाठी स्पीच थेरपी. एलएसव्हीटी लाऊड म्हणून पद्धत आहे, आठवड्याला 4 दिवस असे 4 आठवडे, सगळा भर मोठ्याने बोलण्यावर. बाबांना वाटायचं आपण ओरडतोय, तेव्हा आम्हाला कुठे नीट ऐकू यायचं, पेशंटला स्वतःचा आवाज लहान झालाय हे जाणवतच नाही.

तेव्हा ताई, आईंनी ऑपरेशन करू नये असं मी सांगत नाही. फक्त आधी त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, पेपर वाचताना, फोनवर गप्पा मारताना. पुढे बोलण्यात फरक पडला तर प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डॉक्टर करंट कमी-जास्त करून बघतात त्या वेळी तुलना करायला उपयोगी पडेल. आणि बोलण्याबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं ते आईंनीच विचारावं, तुम्ही नुसतं शेजारी बसा.