जुन्या लेन्स भंगारात घालायची एवढी काय घाई?

बेळगाव, खानापूर, निपाणी इकडच्या फोटोवाल्यांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरायलाय, तुमच्याकडे पण आला असणार. म्हणणं थोडक्यात असं, की मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घेतला म्हणजे डीएसएलआरच्या (आरशावाल्या जुन्या कॅमेऱ्याच्या) लेन्स भंगार, जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारा अडॅप्टर लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जातो आणि शार्पनेस पण जातो, क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) एफ/२.८ ची लेन्स खरं म्हणजे एफ/४ होते (हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त) म्हणून लग्नाला फुल फ्रेमच, म्हणजे मोठ्या सेन्सरचाच कॅमेरा, पाहिजे, बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर महाग लेन्स घ्यायची गरज नाही, आणि कंपनीची सोडून दुसरी लेन्स लावाल तर सेन्सरची वाट लागेल. आणि तळाला काय, तर 'जुन्या लेन्स योग्य भावात घेतल्या जातील'. आता काय बोलायचं! पण पोरं खरंच विकायलेत, ते पण लग्नाच्या सीझनच्या तोंडावर, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अडॅप्टरपासून सुरू करू, सगळ्यात जास्त थापा तिथंच आहेत. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये आरसा असतो, त्याला वरखाली व्हायला जागा लागते, त्यामुळे कॅननच्या ईएफ माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सर ४४ मिमी मागे असतो आणि निकॉनच्या एफ माउंटपासून ४६.५ मिमी. मिररलेसमधून आरसाच काढला, तर हेच अंतर कॅनन आरएफला २० मिमी झालं आणि निकॉन झेडला १६. म्हणजे जुनी ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर बसवायची तर मधली २४ मिमी जागा भरायची, बस्स. साधा अडॅप्टर म्हणजे तेवढी पोकळ नळी आणि आत कॉन्टॅक्टच्या पट्ट्या. काचच नाही त्यात, बोट घातलं तर आरपार जातं. मग उजेड खाणार कोण? उलट लेन्स ज्या अंतरासाठी बनवली, बरोबर त्याच अंतरावर ती परत उभी राहते.

हा गैरसमज कुठून आला ते पण कळतं. मॅक्रोसाठी एक्स्टेन्शन ट्यूब लावतात तिथं उजेड खरंच कमी होतो, कारण लेन्स ठरलेल्या अंतरापेक्षा पुढं सरकते. १.४ चा टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप खातो, त्यात काच असते. सोनीच्या एलए-ईए४ अडॅप्टरमध्ये अर्धपारदर्शक आरसा होता, त्यात पण थोडा उजेड जायचा. दिसायला सगळं सारखंच, लेन्सच्या मागं लावायची नळी, म्हणून कुणीतरी सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं.

आता 'सगळ्या लेन्स भंगार'. कॅननवाल्यांनो, तुमच्या ईएफ आणि ईएफ-एस (क्रॉपसाठी बनवलेल्या) लेन्स आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात, डोळा पकडणारा फोकस पण चालतो. फक्त ईएफ-एस लावली की फुल फ्रेम बॉडी आपोआप क्रॉप करते आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण ९ च उरतात, तेवढं ध्यानात ठेवा. निकॉनवाल्यांनी मात्र जरा बघून पाऊल टाकावं. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी, म्हणजे स्वतःची मोटर असलेल्या लेन्स झकास चालतात, पण ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, बॉडीतल्या स्क्रूने फिरतात, त्या डी लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो, कारण एफटीझेडमध्ये मोटर नाही. आपल्याकडं ५० एफ/१.८ डी किती जणांच्या बॅगेत आहे ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. उजेडाचं माप, अपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) सगळं चालेल, फोकस तेवढा तुमचा. सुपारीच्या फोटोला चालून जाईल, वरात येताना नाही.

आणि गंमत बघा, कॅननची जी लेन्स नव्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकसने चालतच नाही ती डीएसएलआरची नाहीच, ती मिररलेसचीच आहे. ईएफ-एम, २०१२ पासूनची. तिचं अंतर १८ मिमी, आरएफच्या २० पेक्षा कमी, मग नळी घालायला जागाच कुठं राहिली. कॅननच्या एम५० या ईएफ-एमवाल्या कॅमेऱ्यावर यूट्यूब सुरू केलेली बरीच पोरं तिथं अडकलीत. म्हणजे भंगारच म्हणायचं तर आरसा हे काही त्याचं कारण नाही.

जुनी लेन्स अडॅप्टरवर फोकस चुकवते असंही लोक सांगायलेत. होतं बरंचदा उलटं. डीएसएलआर फोकस मोजायचा खालच्या वेगळ्या सेन्सरवर, आणि त्याचं गणित जरा जरी हललं की ८५ एफ/१.८ वर नवरीच्या डोळ्याऐवजी कानातली कुडी शार्प यायची. मिररलेस फोकस मोजतो ज्या सेन्सरवर फोटो पडतो त्याच्यावरच, त्यामुळे पुढं-मागं सरकायचा हा रोग जवळजवळ जातोच. हां, फार जुन्या लेन्सची मोटर हळू असते, व्हिडिओत आवाज येतो, काहींवर बर्स्टचा (सलग फोटो काढायचा) वेग पण पडतो, हे खरं आहे आणि ते मान्य करूनच निर्णय घ्या.

क्रॉपवर एफ/२.८ चं एफ/४ होतं हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त त्रासदायक. एक्स्पोजरला काही होत नाही. एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० एवढं लावलं तर फुल फ्रेमवर आणि क्रॉपवर फोटो सारखाच उजळ येणार. बदलतं ते दुसरंच, सोनी, निकॉन, फुजीच्या क्रॉपवर ५० मिमी लेन्स ७५ सारखी दिसते आणि मागचं धूसर होणं साधारण एफ/४ इतकं राहतं, शिवाय सेन्सर लहान म्हणून एकूण उजेड कमी जमतो आणि नॉइज (फोटोतले दाणे) साधारण एका स्टॉपने जास्त. हा फरक अल्बममध्ये कुणाला दिसणार ते तुम्हीच सांगा. क्रॉपवाल्यांची खरी अडचण वेगळी आहे. २४-७० क्रॉपवर साधारण ३६ पासून सुरू होते, आणि गावातल्या घरात हळदीला पाठ भिंतीला टेकवून उभं राहिलं तरी पाचपेक्षा जास्त माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. त्यामुळे १७ किंवा १८ पासून सुरू होणारी क्रॉपचीच एफ/२.८ झूम घ्या. फुल फ्रेमच्या हौसेपोटी कर्ज काढू नका.

स्टॅबिलायझेशनचा मुद्दा मात्र सरळ सरळ धंद्याचं नुकसान करणारा आहे. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात हलला तर सांभाळतं, समोरचं माणूस हललं तर त्याला काय करणार ते? मंगलाष्टकं संपताना अक्षता पडतात तो क्षण घ्या. १/३० वर मांडवाचे खांब, अंतरपाट, भटजी सगळं कातीव येईल आणि अक्षतांच्या पांढऱ्या रेघा येतील, नवरा मुंडावळ्या सारत असेल तर त्याचा हात पुसलेला. रेघा आखूड यायला १/२५० तरी पाहिजे. आता मंगल कार्यालयातल्या उजेडात एफ/२.८ वर १/२५० साठी आयएसओ ३२०० लागत असेल, तर कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम करून एफ/५.६ वर गेली की दोन स्टॉप गेले, म्हणजे आयएसओ १२८००. मग डीनॉइज मारत बसा रात्रभर. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रीची, लेझीमवाली पोरं एक सेकंद स्थिर नसतात, तिथं ३५ किंवा ५० ची स्वस्तातली एफ/१.८ किटपेक्षा कितीतरी जास्त काम करते. किट लेन्स वाईट नाही, दिवसा जांबोटीच्या रस्त्याला, हलशीच्या देवळाला एफ/८ वर लावा, कुणाला ओळखू येणार नाही. (आणि हॉलमध्ये सायलेंट शटर बंद ठेवा, एलईडीचे पट्टे येतात आणि मग बिचाऱ्या लेन्सला शिव्या बसतात.)

दुसऱ्या कंपनीच्या लेन्सने सेन्सर जळतो, हे काय कळलं नाही बघा. सोनीने ई माउंटची माहिती २०११ मध्येच बाहेरच्या लेन्स कंपन्यांना खुली केली, निकॉन झेडसाठी टॅमरॉन २०२२ पासून परवान्याने लेन्स काढते, कॅननने पण २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला क्रॉप आरएफ लेन्सचा परवाना दिला. सेन्सर खराब होतो तो दुसऱ्या कारणाने, विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरचा लेझर थेट लेन्समध्ये आला की. डीएसएलआरमध्ये क्लिक करेपर्यंत सेन्सर आरशामागं झाकलेला असायचा, मिररलेसमध्ये कॅमेरा चालू असला की उघडाच. एकदा रेघ पडली की सेन्सर बदलण्याशिवाय इलाज नाही. लेझर फिरताना कॅमेरा खाली धरा, लेन्स कुठल्या का कंपनीची असेना.

मेसेज वाचून घाबरून कुणी ईएफ ७०-२०० किंवा एएफ-एस ८५ काढत असेल तर तुम्ही घ्या खुशाल, पण बघून. कणकुंबी-खानापूरच्या पावसात चार महिने बॅगेत पडलेल्या लेन्सला बुरशी हमखास असते. अपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाईलची बॅटरी मारा आणि पुढून तिरपं बघा, कोळिष्टकासारखे धागे दिसले तर परत द्या. धुळीचे दोन-चार कण चालतात. मग आपल्याच बॉडीवर, आपल्याच अडॅप्टरवर लावून जवळचं-लांबचं आलटून पालटून फोकस करून बघा, आणि फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.