आग्रा रोड ओलांडताना

आमच्या भांडुपमधली जुनी माणसं आजही ‘एलबीएस’ म्हणत नाहीत. लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव लागून कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडात ‘आग्रा रोड’च आहे. आईच्याही. “आग्रा रोडच्या पलीकडे जायचंय, तू चल बरोबर,” असं ती म्हणाली की मी ओळखतो, आज गुडघा दुखतोय.

परवा संध्याकाळी असंच झालं. स्टेशनच्या बाजूला डॉक्टरांकडे जाऊन आम्ही परत येत होतो. चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा झाल्यावर निघालो. निम्मा रस्ता ओलांडतोय तोवर तो लाल झाला. मध्ये मेट्रोचा खांब, खांबाभोवती पत्रे, आणि पत्रे आणि गाड्यांच्या मध्ये हातभर जागा. तिथे आम्ही दोघं उभे. बेस्टची बस इतक्या जवळून गेली की आईचा पदर उडाला. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं, बोटांचे वळ नंतरही दिसत होते. पलीकडे पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, “पूर्वी कंपनीचा भोंगा झाला की इथून माणसांचा लोंढा निघायचा. गाड्याच थांबायच्या रे.”

ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

हा रस्ता कुठून जातो ते नीट बघा. शीवला सुरू होतो, मग कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड करत ठाण्यात शिरतो. पूर्वेला मध्य रेल्वेचे रूळ. पश्चिमेला घाटकोपरपासूनच टेकड्या लागतात आणि मुलुंडपर्यंत त्या मागे थेट नॅशनल पार्कला भिडतात. रूळ आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून हा एकच लांब रस्ता. आता वस्ती कुठे आहे? विक्रोळीचं पार्कसाईट, आमचं कोकणनगर, हनुमाननगर, वर खिंडीपाडा, सगळं पश्चिमेला. आणि स्टेशन रस्त्याच्या पूर्वेला. म्हणजे डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला लोकल पकडायची तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा हा रस्ता ओलांडावाच लागतो. दुसरी वाटच नाही. नकाशावर हा रस्ता दक्षिण-उत्तर जाताना दिसतो, पण आमचं आयुष्य त्याला रोज आडवं छेदत जातं. रस्त्याचा विचार करणाऱ्यांनी ही आडवी रेघ कधी काढलेलीच नाही, असं माझं ठाम मत आहे.

रस्ता जुना आहे. शीवचा कॉजवे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना बांधला गेला, आणि मुंबई बेट उत्तरेच्या साष्टी बेटाला जोडलं गेलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे धावली, तीही याच पट्ट्यातून. पुढे रस्ता आणि रूळ दोन्ही हाताशी, म्हणून कारखाने इथेच आले. प्रीमियर पद्मिनी गाडी कुर्ल्यात बनायची. विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला गेस्ट कीन आणि सिएट. या कंपन्यांत काम करायला कोकणातून, घाटावरून आलेली माणसं जवळच्या डोंगरउतारावर राहिली. माझे वडील त्यातलेच. बऱ्याच कंपन्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर आहेत. तिथे गाडीने येतात-जातात. डोंगरावरची माणसं मात्र अजून पायीच खाली उतरतात.

मेट्रो ४ ला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. वडाळा ते कासारवडवली, ३२ किलोमीटर, आणि त्यातला मोठा टप्पा आमच्याच डोक्यावरून जाणार. श्रेयस सिनेमा, सूर्यनगर, गांधीनगर, शांग्रीला, सोनापूर ही स्टेशनांची नावं वाचूनही बरं वाटतं. इतकी वर्षं धूळ खाल्ली ती त्यासाठीच. माझी काळजी पत्रे निघतील त्या दिवसाची आहे. मोकळी झालेली जागा कोणाला मिळणार? काही हालचाल केली नाही तर गाड्यांना मिळणार, कारण जागा रिकामी दिसली की गाड्या आपोआप भरतात. फूटपाथला ती मागून घ्यावी लागते.

आमच्या बाजूच्या फूटपाथची अवस्था सांगतो. एका ठिकाणी विजेचा डबा अख्खा फूटपाथ अडवून उभा आहे, पुढे सोसायटीच्या गेटचा उतार, त्यापुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग दुचाकी. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता जातील एवढीच. संबंधित कार्यालयात मी दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा पोच मिळाली, पुढे काही नाही.

गाडी चालवणारे मित्र म्हणतात, रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा. ठाण्याला जाणाऱ्याची घाई मला समजते. पण त्याच्यासाठी रुळांच्या पलीकडे समांतर ईस्टर्न एक्सप्रेस हायवे आहे, आणि जून २०२५ पासून विक्रोळीचा पूलही सुरू झालाय, म्हणजे इकडून तिकडे जायला आणखी एक वाट झाली. थेट जाणाऱ्यांनी हायवे धरावा. आग्रा रोड हा आमचा बाजार, आमची शाळा-दवाखान्याची वाट, आमचा बसथांबा आहे. त्याला दुसरा हायवे करायला निघालात तर डोंगर आणि स्टेशन यांच्यामध्ये एक भिंत उभी राहील.

मागणी फार मोठी नाही. पत्रे निघायच्या आत आराखडा लोकांना दाखवा. दोन्ही बाजूंना सलग फूटपाथ द्या. मधल्या खांबांच्या ओळीत, जिथे आम्ही परवा उभे होतो, तिथे थांबायला उंच, सुरक्षित जागा करा. सिग्नलचे सेकंद आईच्या चालीने मोजा, माझ्या चालीने नाही. आणि पादचारी पूल बांधून मोकळे होऊ नका, गुडघे दुखणारं माणूस तो जिना चढत नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी शांग्रीलापासून सोनापूरपर्यंत चालत जाणार आहे, टेप घेऊन. जिथे १.८ मीटर नाही त्या प्रत्येक जागेचा फोटो आणि माप घेणार, आणि तिसरा अर्ज त्यासकट देणार. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवंय. येणार असाल तर खाली लिहा.